शॉडी कुणाला म्हणायचं?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शालेय शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी आमच्याकडे 'सेकंड लँग्वेज', म्हणजे पास होण्यापुरती. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर ते संपादक मंडळाने सुधारून घ्यावेत, आणि त्यातूनही राहिले असतील तर वाचकांनी पदरात घ्यावेत. "मग इंग्लिश सेक्शनला दे ना लेख!" असं एक मैत्रीण म्हणाली. पण नाही. हा लेख मराठीतच द्यायचा हे माझं पक्कं होतं. का, ते शेवटी कळेलच.

तर गोष्ट एका शब्दाची आहे. इंग्रजी शब्द. 'शॉडी'.

आमच्या हॉस्टेलवर एकमेकींना गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. मी नाशिक. रूममध्ये बाकी तिघी म्हणजे जळगाव, कराड आणि बार्शी. चौघीही मेकॅनिकलच्या, त्यामुळे मिनी प्रोजेक्टला आमचाच ग्रुप झाला. विषय बार्शीने सुचवला: ज्वारी चाळायची मोटरवरची चाळणी. तिची आई सुगीत दिवस-दिवस हाताने चाळत बसते, खांदे भरून येतात, म्हणून. विषय छानच होता. पण एका रविवारी ही बाई भंगारवाल्याकडे गेली आणि पोतं भरून सामान घेऊन आली. मोडीत काढलेल्या जीपची वायपर मोटर, कुणाच्या तरी सायकलचा पेडलचा दांडा, जुन्या लोखंडी कॉटचे गंजलेले अँगल. सगळं रूमच्या मधोमध मांडलं आणि आमच्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू खजिना सापडलाय.

मी नाक मुरडलं. म्हटलं, "इट लुक्स सो शॉडी, यार!"

बार्शीने विचारलं, "शॉडी? ते ब्लँकेटवालं?"

झालं! आम्ही तिघी जोरात हसलो. शेजारच्या रूममधल्या दोघी दारात उभ्या होत्या, त्याही हसल्या. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. मग मी तिला समजावून सांगितलं, तेही जरा टीचरसारखा आवाज काढून: "अगं, शॉडी म्हणजे जुनंपुराणं, झिजलेलं, फालतू. अ‍ॅडजेक्टिव्ह आहे ते. ब्लँकेटचा काय संबंध?" ती काही बोलली नाही. सामान परत पोत्यात भरलं आणि पोतं कॉटखाली सरकवलं.

आणि मग मी माझा प्रस्ताव मांडला. शहरात रेडिमेड प्रोजेक्टची दुकानं असतात, सगळ्यांना माहीत आहे. चकचकीत पेंट मारलेलं मॉडेल, सोबत स्पायरल बाइंडिंगचा रिपोर्ट, फक्त पहिल्या पानावर नावं आणि रोल नंबर बदलायचे. साडेसहा हजार रुपये, चौघींत भागिले चार. जळगाव आणि कराड तयार झाल्या. बार्शी म्हणाली, "बघू."

त्या रात्री मला ते 'ब्लँकेटवालं' काही केल्या डोक्यातून जाईना. खरं सांगायचं तर तिला अजून एकदा चूक ठरवायला मी दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेले आणि रेफरन्स सेक्शनमधली जाडजूड डिक्शनरी काढली. शॉडीच्या पुढे दोन नोंदी होत्या. एक अ‍ॅडजेक्टिव्ह, ती मला माहीत होती. दुसरी नाऊन, आणि वयाने तीच मोठी. अर्थ: जुने लोकरी कपडे आणि चिंध्या फाडून, पिंजून पुन्हा काढलेली लोकर, अशा लोकरीचं कापड.

म्हणजे ब्लँकेटवालंच की!

मी तिथेच बसले. मग पुढचे तीन दिवस जे जे मिळालं ते वाचलं. त्यातलं थोडं इथे सांगते, कारण आपण रोज वापरतो त्या एका शिवीमागे एवढं मोठं मशिनरीचं आणि माणसांचं जग असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशर परगण्यात बॅटली नावाचं गाव आहे. शेजारी ड्यूजबरी. दोन्ही लोकरी कापडाची गावं. नेपोलियनच्या लढायांचा काळ. सैन्याला कापड हवं आणि लोकर पुरत नाही. अशात १८१३ च्या सुमाराला बॅटलीच्या बेंजामिन लॉ याने जुन्या लोकरी चिंध्यांपासून पुन्हा धागा काढायची युक्ती बसवली, असं मानलं जातं. पद्धत ऐकायला सोपी आहे. आधी चिंध्या निवडायच्या, शिवणी उसवायच्या, बटणं-हुक काढायचे. मग त्या एका दातेरी ड्रममध्ये घालायच्या. ड्रम गरगर फिरतो आणि कापडाच्या पार चिंधड्या करून पुन्हा तंतू मोकळे करतो. या मशीनला कामगार 'डेव्हिल' म्हणायचे, सैतान! मोकळ्या झालेल्या तंतूंत थोडी नवी लोकर मिसळायची, पिंजायचं, कातायचं, विणायचं. झाली शॉडी.

शब्द कुठून आला यावर वाद आहेत. इंग्रजीत 'शेड' म्हणजे झडणे, गळणे. लोकरीचं काम करताना जी झड खाली पडते ती शॉडी, असा बऱ्याच जणांचा तर्क आहे. एवढं नक्की की शब्द यॉर्कशरच्या कामगारांच्या तोंडचा आहे आणि १८३२ पासून तो छापील इंग्रजीत सापडतो. तेव्हा त्यात अपमान काहीच नव्हता. आपण 'सरकी' म्हणतो, 'भुसा' म्हणतो, तसं ते एका मालाचं नाव होतं. पुढे जास्त घट्ट, दाबलेल्या कापडाच्या चिंध्याही फाडता यायला लागल्या. त्या मालाला 'मुंगो' म्हणायचे. त्याची एक गमतीची दंतकथा आहे. मजूर म्हणाला, हे मशीनमधून जायचं नाही. मालक म्हणाला, "मन गो!", म्हणजे गेलंच पाहिजे! खरंखोटं देव जाणे, पण आपल्या वर्कशॉपमध्ये असे संवाद रोज होतात.

या धंद्याने ती गावं वर आली. अख्ख्या युरोपातून चिंध्यांचे गठ्ठे तिथे यायला लागले. ज्या गरिबाला नवं लोकरी कापड कधीच परवडलं नसतं त्याच्या अंगावर गरम कोट आला. धुरळा-कचरा म्हणून जे उरायचं तेसुद्धा वाया जात नसे. लोकरीत नायट्रोजन भरपूर असतो, म्हणून तो कचरा खत म्हणून शेतात जायचा. वेकफील्डच्या बाजूला रुबार्ब नावाच्या आंबट देठांच्या भाजीचं मोठं पीक निघतं, ते या शॉडीच्या खतावर पोसलं गेलं. फुकट मात्र काहीच मिळत नाही. चिंध्या फाडणाऱ्या बायका-पुरुषांच्या छातीत धूळ जायची, खोकला आणि ताप यायचा. त्या दुखण्यालाच 'शॉडी फीवर' असं नाव पडलं होतं.

आता प्रश्न असा की एका प्रामाणिक मालाच्या नावाची शिवी कशी झाली?

ते झालं समुद्रापलीकडे, अमेरिकेत. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या सरकारला रातोरात हजारो सैनिकांना गणवेश द्यायचे होते. कंत्राटदारांची चंगळ झाली. गणवेश शिवले गेले, सैनिकांच्या अंगावर चढले, आणि पहिल्या मोठ्या पावसात, पहिल्या लांब कूचमध्ये त्यातले कितीतरी शिवणीवर फाटले, विरले, अंगावर लोंबायला लागले. कापड शॉडीचं होतं. पैसे मात्र चांगल्या लोकरीचे लावलेले!

इथे थोडं इंजिनिअरिंग सांगते, कारण खरी मेख त्यातच आहे. धाग्यातले तंतू एकमेकांना चिकटवलेले नसतात. पीळ दिला की ते एकमेकांवर दाबले जातात आणि केवळ घर्षणाने धरून राहतात. तंतू लांब असला तर पकड जास्त. चिंधी फाडताना तंतू तुटून आखूड होतो, मग ओढ बसली की तो निसटतो. म्हणजे शॉडीचा धागा ताणाला कमजोर असणारच. त्यात तिचा दोष नाही, तो तिचा गुणधर्म आहे. पण कापडाला शेवटी पाण्यात कुटून, दाबून असं फिनिशिंग करता येतं की वरचा पृष्ठभाग छान घट्ट आणि गुळगुळीत दिसतो. दुकानात हात फिरवून फरक कळत नाही. तो कळतो पावसात.

आणि तो पाऊस अंगावर घेणारे होते विशीतले पोरगे. आपल्याच वयाचे.

लोक भडकले. त्या पैशांवर जे नवश्रीमंत झाले, त्यांना वर्तमानपत्रं 'शॉडी' म्हणायला लागली. शॉडीवाले, शॉडी श्रीमंत, शॉडी खानदान. १८६३ मध्ये हेन्री मॉरफर्ड नावाच्या लेखकाची कादंबरीच आली, 'द डेज ऑफ शॉडी'. नाऊनचं अ‍ॅडजेक्टिव्ह झालं ते या दोन-तीन वर्षांत. सुरुवातीला त्याचा अर्थ होता 'वरून चांगलं दिसणारं पण आतून फसवं'. पुढे झिजत झिजत तो 'हलकं, निकृष्ट' एवढाच उरला, आणि माझ्यासारख्यांच्या तोंडी येईपर्यंत 'जुनंपुराणं, कळकट' झाला. शब्दसुद्धा वापरून झिजतात, नाही का?

मला वाटतं गडबड इथेच झाली. संताप फसवणाऱ्यावर होता, पण डाग मात्र चिंधीला लागला. कंत्राटदार सुटला आणि बदनाम झाली बिचारी जुनी लोकर.

पुढची गोष्ट त्याहून मजेशीर आहे. अमेरिकेने १९३९ चा एक लेबलचा कायदा केला. लोकरी कपड्यावर स्पष्ट लिहायचं: यात नवी लोकर किती आणि आधी वापरलेली किती. म्हणजे वापरा खुशाल, पण सांगून वापरा. १९८० मध्ये त्याच कायद्यात दुरुस्ती झाली आणि जुन्या लोकरीसाठी लेबलवर नवा शब्द आला: 'रीसायकल्ड'. आज इटलीच्या प्रातो गावात हेच काम चालतं. जुने स्वेटर रंगांप्रमाणे वेगळे करतात, फाडतात, पुन्हा कातात. आणि ते कापड पर्यावरणाचं लेबल लावून ऐटीत विकलं जातं. तंतू तेवढाच आखूड, तत्त्वही तेच. फक्त आता ते लपवत नाहीत, उलट अभिमानाने सांगतात.

आता येते माझ्या ब्लँकेटवर.

फर्स्ट इयरला आले तेव्हा स्टेशनरोडच्या फुटपाथवरून मी एक ब्लँकेट घेतलं होतं. करड्या रंगाचं, खरखरीत, मधूनच लाल-निळे ठिपके असलेलं. आपल्या हॉस्टेलवर निम्म्या कॉटवर तसलंच सापडेल. तीन हिवाळे मी त्यात काढलेत. लायब्ररीतून आल्यावर मी बार्शीला विचारलं, "तुला शॉडी कसं माहीत?" ती म्हणाली, "माझा मामा आठवडी बाजारात थंडीची ब्लँकेटं विकतो ना. पानिपतहून गठ्ठे येतात. होलसेलवाले त्याला शॉडीचं कंबलच म्हणतात. तुझं आहे ते तसलंच आहे."

आपल्याला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं. कुणाची पार वाट लागली की आपण 'पानिपत झालं' म्हणतो. पण आजचं पानिपत हे जुन्या लोकरीच्या पुनर्वापराचं जगातलं एक मोठं केंद्र आहे. युरोप-अमेरिकेतले टाकून दिलेले कोट, स्वेटर, मफलर जहाजाने गुजरातमध्ये कांडलाला उतरतात आणि तिथून हरियाणात पानिपतला जातात. जुने कपडे म्हणून परस्पर विकले जाऊ नयेत म्हणून ते फाडलेले, कापलेले असतात. पानिपतला बायका बसून त्यांची बटणं, चेन, अस्तर काढतात आणि रंगांप्रमाणे ढीग लावतात. लाल ढिगातून लाल धागा, निळ्यातून निळा. त्यामुळे बराचसा माल पुन्हा रंगवावाच लागत नाही, पाणी आणि रंग दोन्ही वाचतात. मग तेच, बॅटलीचंच तंत्र. भूकंप, पूर अशा वेळी मदत म्हणून जी स्वस्त ब्लँकेटं वाटली जातात ती वर्षानुवर्षं या पानिपतातून गेलेली आहेत. आता पॉलिएस्टरच्या फ्लीसने बरंच मार्केट खाल्लंय, पण शॉडीचा धागा तिथे अजून निघतो. आणि छातीत धूळ जाण्याचा प्रश्नही अजून आहे, हे विसरून चालणार नाही.

म्हणजे बघा, कुठल्या तरी परदेशी आजोबांचा कोट पानिपत करून माझ्या अंगावर आलाय, आणि मी त्यात गुरफटून बार्शीला सांगतेय की शॉडी म्हणजे फालतू! ज्यात रोज झोपते त्याचं नाव मला माहीत नव्हतं. तिला होतं. इंग्रजी माझं, पण अर्थ तिचा.

ही फक्त इंग्रजीची खोड आहे असंही नाही. आपल्याकडे 'चिंधी' हा केवढा साधा शब्द. कृष्णाचं बोट कापलं तेव्हा द्रौपदीने भरजरी वस्त्राची फाडून बांधली ती चिंधीच. आणि आज कुणी पार्टी दिली नाही की आपण म्हणतो, "काय चिंधीगिरी आहे!" पण त्याच वेळी आपल्या घराघरांत जुन्या कापडाचा मान वेगळाच असायचा. आजी म्हणायची, तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं, जुनेराचीच दुपटी हवीत. दहा वर्षं धुऊन-धुऊन मऊ झालेलं लुगडं बाळाच्या अंगाला लावायचं. दारावर बोहारीण यायची, जुने कपडे घेऊन स्टीलचं पातेलं द्यायची, आणि आई तिच्याशी तासभर घासाघीस करायची. जुन्याला किंमत होती म्हणूनच घासाघीस होती ना!

बार्शीकडे तिच्या आईने शिवलेली एक गोधडी आहे. त्यात तिच्या आजीचं हिरवं लुगडं आहे, तिचा शाळेचा निळा फ्रॉक आहे, वडिलांचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आहे. कुठला तुकडा कुठून आला ते ती बोट ठेवून सांगते. गोधडी आपले तुकडे लपवत नाही. म्हणून गोधडीला कुणी फसवी म्हणत नाही. आणि १८६१ चे गणवेश? तेही चिंध्यांचेच, पण वर 'नवीन' असं सांगून विकलेले. दोन्हींत माल जुनाच. फरक फक्त खरं सांगण्याचा आहे.

माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. जुनं, झिजलेलं, दुसऱ्याने वापरलेलं, भंगारातून आणलेलं काहीही 'शॉडी' नसतं. जुन्याला नवं म्हणून, दुसऱ्याचं आपलं म्हणून, कमजोराला मजबूत म्हणून पुढे करणं ही शॉडीगिरी.

या व्याख्येने बघितलं तर त्या रविवारी आमच्या रूममध्ये शॉडी काय होतं? पोत्यातली वायपर मोटर? की साडेसहा हजारांचा, आमची नावं टाकलेला, चकचकीत पेंटचा प्रोजेक्ट? उत्तर मला लायब्ररीतच कळलं होतं, फक्त मान्य करायला दोन दिवस लागले.

आता इथे काही जण म्हणतील, "ज्ञान पाजळू नकोस. सबमिशनच्या आठवड्यात कोण असला विचार करतं?" खरं आहे. मीही मागच्या बॅचच्या फाईली समोर ठेवून जर्नल उतरवली आहेत. रीडिंग आधी आणि प्रॅक्टिकल नंतर, हा चमत्कार आपल्याकडे दर सेमिस्टरला होतो. आता तर एआयला सांगितलं की पाच मिनिटांत रिपोर्ट तयार, फिनिशिंगसकट! वरून हात फिरवला तर गुळगुळीत. तंतू किती आखूड आहेत ते पहिल्या पावसात कळतं, म्हणजे व्हायवात. आणि व्हायवात नाही कळलं तर नोकरीत कळेल, जेव्हा आपण काढलेल्या ड्रॉइंगवर कुणीतरी खराखुरा जिना बांधेल. त्या वेळी पावसात आपण नसू, दुसरंच कुणी असेल. अमेरिकेतले कंत्राटदार काही लढायला गेले नव्हते.

सीनियरच्या नोट्स वापरू नका असं मी म्हणत नाही. त्या वापरल्या नाहीत तर निम्मं हॉस्टेल केटीत जाईल! सगळं ज्ञान शेवटी शॉडीसारखंच असतं. आधीच्यांचं घ्यायचं, पिंजायचं, त्यात थोडी आपली नवी लोकर मिसळायची आणि पुन्हा कातायचं. फक्त लेबल लावा. अमुक आकृती मागच्या बॅचच्या रिपोर्टवरून, अमुक भाग एआयकडून, अमुक रीडिंग आमची स्वतःची. एका ओळीचं काम आहे.

सर-मॅडमनी राग मानू नये, पण एक विनंती त्यांनाही. काही नोट्स पिवळ्या पडल्यात याबद्दल आमची तक्रार नाही, चांगल्या नोट्स कितीही जुन्या असल्या तरी चांगल्याच. पण वर फक्त नव्या सिलॅबसचं वर्ष बदलून त्या आल्या की आम्हालाही कळतं हो! आणि आमच्या रिपोर्टमध्ये आम्ही प्रामाणिकपणे 'सेकंडहँड पार्ट' लिहिलं, तर त्याचे मार्क कापू नका. मार्क कापले की पुढच्या वर्षी पोरं रेडिमेड दुकानात जातात. लेबल लावणाऱ्याला शिक्षा आणि पेंट मारणाऱ्याला शाबासकी, असं झालं तर मग गणवेश फाटणारच.

आता आमच्या प्रोजेक्टचं काय झालं ते सांगते. रेडिमेडचा बेत मी स्वतःच मागे घेतला. जळगाव आणि कराडने चार दिवस माझ्याशी अबोला धरला, कारण आता काम करावं लागणार होतं. पोतं कॉटखालून बाहेर आलं. अँगलचा गंज घासताना आमची नखं काळी झाली. वायपर मोटर खरं म्हणजे या कामाला झकास. आत वर्म गिअर असतो, त्यामुळे वेग कमी आणि टॉर्क जास्त, आणि बारा व्होल्टवर चालते. तिचे कार्बन ब्रश झिजले होते, ते बदलले. पेडलच्या दांड्याचा क्रँक केला आणि चाळणी मागेपुढे हलायला लागली. रिपोर्टमध्ये पार्टची यादी केली तेव्हा बार्शीने एक जास्तीचा कॉलम आखला: 'कुठून आणले'. त्यात तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं: भंगार, भंगार, नवीन, हॉस्टेलचा जुना कॉट, नवीन, भंगार.

एक्स्टर्नल सरांनी त्या कॉलमवरून बोट फिरवत नेलं. वाटलं, संपलं आता. पण त्यांनी विचारलं, "मोटर वापरलेली होती, मग ब्रश तपासलेत का?" बार्शी म्हणाली, "बदललेत सर, सात नंबरला लिहिलंय." मग पंधरा मिनिटं ते वर्म गिअरवर आणि क्रँकच्या स्ट्रोकवरच बोलत बसले. बार्शी मराठीतून उत्तरं देत होती, मध्येच इंग्रजी शब्द घालत होती, आणि एकाही प्रश्नाला अडली नाही. डेमोत दहा मिनिटांनी एक नट ढिला होऊन ज्वारी सगळ्या लॅबभर झाली, तेही खरंच. आमचा पहिला नंबर वगैरे काही आला नाही. पण चाळणी सध्या बार्शीला आहे, नटाखाली स्प्रिंग वॉशर घालून, आणि तिच्या आईने या सुगीत तीच वापरली.

शेवटी, हा लेख मराठीत का, ते सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी जे हसले ते माझ्या इंग्रजीच्या जोरावर हसले. कॉन्व्हेंटने मला शब्द भरपूर दिले, त्यासाठी मी तिथल्या सिस्टर्सची कायम ऋणी राहीन. पण शब्द पाठ असणं आणि वस्तू ओळखता येणं यातला फरक मला बार्शीने शिकवला. ज्या दोघी दारात उभ्या राहून हसल्या त्यांनाही कळावं, मेसमध्ये ज्यांनी नंतर तिला 'ब्लँकेट' म्हणून चिडवलं त्यांनाही कळावं, आणि हे तिच्या भाषेत छापून यावं, म्हणून हा खटाटोप.

बार्शी, तू बरोबर होतीस. ते ब्लँकेटवालंच. सॉरी.

बाकीच्यांनी आज रात्री झोपताना आपापल्या ब्लँकेटचे लाल-निळे ठिपके एकदा नीट बघा. आणि पुढच्या वेळी कुणाच्या जुन्या बॅगेला, सेकंडहँड पुस्तकाला, भंगारातल्या प्रोजेक्टला 'शॉडी' म्हणायच्या आधी एकदा स्वतःच्या फाईलचं पहिलं पान उघडून बघा. तिथे जे नाव आहे, आतलं काम त्याचंच आहे ना?

– नाशिक, टी.ई. मेकॅनिकल, लेडीज हॉस्टेल